बी बदनाम, दोष पाण्याचा

‘पाकीट आणलं, पेरलं, उगवलंच नाही’ किंवा ‘छान उगवलं आणि चार दिवसांत सगळं झोपलं’, घरी बियांपासून रोपं करणाऱ्यांच्या या दोन कायमच्या तक्रारी. पाकिटावरची मुदत उलटून गेली नसेल, तर बहुतेक वेळा बी चांगलंच असतं. बी आणि कोंब दोन्ही मरतात ते जास्तीच्या पाण्याने, कारण मुळांना ओलीइतकीच हवा लागते.

म्हणून बी पेरायला बागेतली माती घेऊ नका. रोपांच्या ट्रेच्या लहान कप्प्यात ती दाबून बसते, पाणी धरून ठेवते आणि बुरशी सोबत घेऊन येते. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) 650 ग्रॅमची वीट तीन-साडेतीन लिटर पाण्यात फुगवा आणि जुन्या सुती कापडात घालून धुवा. तपकिरी पाणी फिकट होईपर्यंत दोन-तीनदा धुवायचं. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात आणि कोवळ्या मुळांची टोकं त्यांनी करपतात. तीन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि किलोभर मिश्रणाला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर पुरते. मिश्रण मुठीत दाबून बघा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर पसरून सुकू द्या, तसंच भरू नका.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीनपट खोल पेरावं. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांना अर्धा सेंटीमीटर खूप झालं. काकडी, दोडका दीड-दोन सेंटीमीटर. कारल्याच्या बीची साल टणक असते, ते रात्रभर भिजवून मग पेरा. पिटुनियाचं बी मात्र अजिबात झाकायचं नाही. एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 बिया असतात आणि उगवायला त्यांना उजेड लागतो. ओल्या टूथपिकच्या टोकाने एकेक उचलून नुसती वर ठेवा.

पेरल्यावर ट्रेवर प्लास्टिक टाका, म्हणजे वरचा थर सुकत नाही आणि रोज पाणी द्यावं लागत नाही. 25 ते 30 अंशांत झेंडू चार-सहा दिवसांत वर येतो, टोमॅटो पाच-आठ, मिरची आठ ते पंधरा. थंडीत मिरची आणखी रेंगाळते. त्या काळात ‘उगवत नाही’ म्हणून पाणी ओतत राहिलं की बी आतल्या आत कुजतं.

पहिला कोंब वाकून वर आला की त्याच दिवशी प्लास्टिक काढा. बाकीच्या बिया उगवायची वाट बघत बसाल तर आधी आलेली रोपं लांबुडकी होतात, एका बाजूला झुकतात आणि पुढे सरळ उभी राहत नाहीत. जाळी लावलेल्या खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, रोपांना तो अपुरा पडतो. सकाळचं चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडा.

आता रोपं कोलमडण्याबद्दल. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं. पानं हिरवीच, पण मातीलगतचं खोड पाणी भरल्यासारखं होऊन दोऱ्याएवढं बारीक झालेलं. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींचं हे काम. दाट पेरणी, सतत ओला पृष्ठभाग आणि कोंडलेली हवा असली की त्या पसरतात, आणि दोन दिवसांत एका कोपऱ्यापासून अर्धा ट्रे साफ होतो. पडलेलं रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या मिश्रणासकट काढून फेकून द्या, ट्रे वाऱ्यावर ठेवा आणि वरून पाणी देणं बंद करा. ट्रे पाणी भरलेल्या परातीत पंधरा-वीस मिनिटं ठेवला की तळातून हवं तेवढं पाणी शोषलं जातं. पुन्हा पाणी केव्हा द्यायचं हे ट्रे उचलून कळतं: हलका लागला तर द्या, जड असेल तर हात आवरा. प्रादुर्भाव पसरतच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांबंयुक्त बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी ओता, पण त्यासोबत ट्रायकोडर्मा देऊ नका. तीही बुरशीच आहे, तिलाही तांब्याचा फटका बसतो.

पहिल्या दोन बीजपानांनंतरची खरी पानं दिसू लागली की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. टोमॅटो-मिरचीच्या ट्रेवर 40 मेशची (इंचाला 40 छिद्रं असलेली) नायलॉन जाळी टाकाच. पांढरी माशी याच वयात विषाणू देऊन जाते आणि चुरडा-मुरडा झालेलं झाड पुढे काही केलं तरी सुधारत नाही.

गाजर, मुळा, मेथी, कोथिंबीर थेट जागेवरच पेरा. धणे हलके रगडून दोन फाकी करायच्या.

टोमॅटो 25-30 दिवसांत, मिरची 35-40 दिवसांत लावणीला येते. त्याआधी आठवडाभर पाणी थोडं कमी आणि ऊन जास्त द्या. टोमॅटो लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या भागाला मुळं फुटतात.

दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू चुरून पेरायची पद्धत घरोघरी आहे आणि तो उगवतोही, पण विरळ. फुलं ताजी तोडून ओवलेली असल्यामुळे बरंचसं बी झाडावर पिकलेलंच नसतं. काळं, टणक बी निवडा. नखाने दाबल्यावर वाकणारं पोकळ असतं. संकरित झेंडूच्या बियांना आधीसारखीच टपोरी फुलं येतील याची खात्री नाही. दसऱ्याला फुलं हवीत तर जुलैमध्ये बी पडायला हवं, कारण मोठ्या झेंडूला पेरणीपासून फुलापर्यंत दोन-अडीच महिने लागतात.