फॉरमॅट न मारता डेस्कटॉप ठीक केला, माझा अनुभव

आमच्या डेस्कटॉपला एकाच वेळी तीन त्रास सुरू झाले होते. कुठलीही साइट उघडली की ब्राउझर सांगायचा कनेक्शन सुरक्षित नाही, चालू केल्यावर बराच वेळ कर्सरशेजारचं ते चक्र फिरत राहायचं, आणि एखादं जड काम चालू असताना मधेच मशीन फटकन बंद. ना एरर, ना निळी स्क्रीन, सरळ काळोख. ज्याला सांगावं तो म्हणायचा व्हायरस असेल, फॉरमॅट मार. माझा मावसभाऊ तर विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून बसला होता. पण त्या मशीनवर आईबाबांचे जुने फोटो, कामाच्या फायली आणि ज्यांची लायसन्स की आता शोधून मिळणार नाही अशी सॉफ्टवेअर्स होती, म्हणून मी त्याला म्हटलं थांब रे, आधी बिघडलंय काय ते तरी बघू. आणि बघत गेलो तेव्हा तिन्ही बिघाड वेगवेगळे निघाले, तिन्ही हार्डवेअरचे, फॉरमॅटने त्यातला एकही गेला नसता! म्हणून हे सविस्तर लिहितोय.

साइटच्या एररपासून सुरुवात केली, कारण तिथे निदान वाचायला काहीतरी होतं. एरर नीट वाचली तर त्यातच लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात बघतो तर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख. साइटच्या सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि मशीनच्या हिशोबाने ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती, मग ब्राउझर अडवणारच. तारीख दुरुस्त केली की सगळं सुरळीत चालायचं आणि नंतर कधीतरी परत तेच. थोडं लक्ष ठेवल्यावर कळलं की नुसतं शट डाउन करून सोडलं तर वेळ बरोबर राहते, भिंतीवरचा स्विच बंद केला तरच बिघडते. इथेच उत्तर मिळालं. स्विच चालू असेल तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं, स्विच बंद झाला की तेच घड्याळ बोर्डवरच्या छोट्या गोल सेलवर चालायला पाहिजे, आणि आमचा तो सेल संपलेला होता. (याला सीमॉस बॅटरी म्हणतात, बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ असते, म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी, ३ व्होल्टची.)

बदलणं अगदी सोपं आहे. मशीन बंद, वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, केसच्या धातूला हात लावला म्हणजे अंगातली स्टॅटिक जाते, बाजूची छोटी क्लिप नखाने दाबली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना प्लसची बाजू वर, बोर्डवर तसा सेल आडवा असेल तर बहुतेक असंच असतं, पण काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. नंतर मशीन सुरू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, गेलो (काही बोर्डवर एफ २ असतं) आणि तारीख, वेळ, बूटचा क्रम बघून घेतला. सेल संपला की बायोसची सेटिंग्ज कंपनीच्या मूळ सेटिंगवर जाऊ शकतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि त्यात साटा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारी सेटिंग) बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि लोक समजतात हार्ड डिस्क गेली. तसंच ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, बायोसमध्ये बदल झाल्यावर मागू शकतं.

मग स्लो होण्याकडे वळलो. इथे मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो टास्क मॅनेजरचा, कंट्रोल शिफ्ट एस्केप एकत्र दाबलं की उघडतो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, रॅम निम्मी वापरात, आणि डिस्क १०० टक्के. आता डिस्क १०० टक्के दिसली की लोक लगेच स्टार्टअपचे प्रोग्राम बंद करा, इंडेक्सिंग बंद करा, अपडेट बंद करा असं सुरू करतात, मी पण स्टार्टअपमधले नको ते बंद केले, फरक पडला नाही. पण परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक केलं की खाली सरासरी रिस्पॉन्स टाइम दिसतो तो आकडा फार महत्त्वाचा आहे. चांगल्या हार्ड डिस्कवर साधं काम चालू असताना तो साधारण १०-२० मिलिसेकंद असतो, आमचा हजारांत जात होता, आणि त्या वेळी प्रत्यक्ष वाचलेला डेटा मात्र सेकंदाला काही केबी! म्हणजे डिस्क पूर्ण गुंतलेली, पण काम काहीच होत नाही. एकाच खराब जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असली की असंच दिसतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, ते डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, वाचतं. पिवळ्या रंगात कॉशन, म्हणजे सावधान. रिअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर, या दोन ओळींत शून्य नव्हतं. पहिलं म्हणजे खराब झालेल्या जागा बदलून राखीव जागा वापरल्या गेल्यात, दुसरं म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निकालाची वाट बघत असलेल्या जागा. त्याच यादीत सीआरसी एरर नावाची एक ओळ असते, ती वाढत असेल तर बऱ्याचदा डिस्क ठीक असते आणि साटा केबल खराब किंवा ढिली असते, ते आधी बघा. आमच्याकडे ती शून्य होती, म्हणजे डिस्कच खराब होत चालली होती.

या टप्प्यावर एक गोष्ट मी सगळ्यांना कळकळीने सांगेन, अशा डिस्कवर चेकडिस्क (डिस्क तपासणारं) किंवा डीफ्रॅग (फायलींचे तुकडे एकत्र लावणारं) ही विंडोजची टूल्स चालवत बसू नका. पूर्ण सरफेस तपासणी म्हणजे आधीच मोडकळीला आलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवणं, आणि त्यात ती कायमची गेली तर फोटो गेले. मी आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, महत्त्वाचं पहिलं, गाणी पिक्चर शेवटी. काही फायली अडकल्या, त्या सोडून पुढे गेलो आणि नंतर परत त्यांच्याकडे आलो. सगळं बाहेर आल्यावरच नवीन एसएसडीवर (चिपवाल्या ड्राइव्हवर) क्लोन केलं, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. सुदैवाने क्लोन पूर्ण झालं, नसतं झालं तर नवीन विंडोज टाकायची तयारी होती. फरक बघून मावसभाऊ गप्पच झाला. जुनी डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी, म्हणजे एका फेरीलाच ८ मिलिसेकंदांच्या वर लागतात, एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच.

राहिलं आपोआप बंद होणं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ दिसलं आणि मावसभाऊ लगेच म्हणाला पॉवर सप्लाय गेला, नवीन घे. पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नाही, का ते त्यात नसतं, वीज गेली तरी हीच नोंद पडते. त्यामुळे काही विकत घ्यायच्या आधी तापमान बघितलं. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवून व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला तर प्रोसेसर बघता बघता ९० च्या पुढे, आणि १०० डिग्रीच्या आसपास गेल्यावर बंद. प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो आणि तरी उतरलं नाही तर मशीन बंद होतं.

केस उघडून टॉर्च मारला. वरून पंखा बरा दिसत होता, पण पंख्याच्या पात्यांमधून खाली बघितलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) फटींवर धुळीचा गोधडीसारखा थर, हवा जायला जागाच नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या पिनांपैकी एक वर उचललेली होती. बोटाने दाबली तर हीटसिंकचा तो कोपरा हलत होता, म्हणजे प्रोसेसरवर तो नीट टेकतच नव्हता. कूलर काढला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवीन पेस्टचा छोटा ठिपका मधोमध टाकला आणि पिना समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या जोडीने, टक आवाज येईपर्यंत दाबल्या. मग बोर्डच्या मागून बघून घेतलं की चारही पिनांची टोकं बाहेर आलीत का, हे बघणं सोडू नका. आणि धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेने जोरात फिरली तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

सगळं बसवल्यावर परत तोच व्हिडिओ कन्व्हर्ट केला, प्रोसेसर ७० च्या आतबाहेर राहिला आणि काम शेवटपर्यंत झालं. रात्री भिंतीवरचा स्विच मुद्दाम बंद ठेवला, सकाळी तारीख आणि वेळ बरोबर. एसएसडीची स्मार्ट माहिती ठीक. जुनी डिस्क मात्र मी अजून पुसलेली नाही, त्या अडकलेल्या फायलींपैकी थोड्या बाकी आहेत, त्या निघतात का बघायचंय.