वाफशाचा दिवस आणि आगंतुक रोपं

आषाढ वद्य, रविवार. नाशिक.

दोन दिवस उघडीप आहे, काळ्या मातीला वाफसा आलाय. मूठभर माती दाबली की गोळा होतो, बोट लावलं की फुटतो, तळव्याला चिकटत नाही. न लावता उगवलेली झाडांची रोपं उपटायची ती आजच. पावसात उपटली तर मुळासोबत चिखलाचा लगदा येतो आणि पायाखालची माती घट्ट बसते. आठवडाभर ऊन पडलं तर हीच माती मूळ आवळून धरते. देठ हातात येतो, मूळ खालीच. शिवाय नागपंचमी तोंडावर आली. त्या दिवशी खणायचं नसतं, आणि तोवर सुबाभूळ थांबणार थोडीच!

कडुनिंब सोपा. त्याचं बी काही आठवड्यांतच रुजायची ताकद गमावतं, म्हणजे उगवलंय ते यंदाच्या निंबोळ्यांचं. आता निपटलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत सुट्टी. सुबाभळीच्या बीचं कवच टणक, ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि माती उकरली की उजेडात येऊन रुजतं. त्यामुळे तिथे कुदळ घालून वाफा उलथणं म्हणजे पुढच्या पिकाची पेरणीच. कोवळी सुबाभूळ आणि बाभूळ दोघींचा पाला बारीक. काटा नसेल तर बहुतेक सुबाभूळच.

वीतभर रोप शेंड्याला धरून ओढायचं नाही. मातीलगत चिमटीत धरून सरळ वर. फूटभर झालं असेल तर खुरपं मुळाला चिकटून उभं, चार इंच आत घालायचं, किंचित कलतं करायचं आणि मग ओढायचं. त्याहून मोठ्याला पहार. गुलाबाच्या बुंध्यात घुसलेलं असेल तर तांब्याभर पाणी ओतून पाच मिनिटं थांबायचं आणि दुसऱ्या हाताने गुलाबाची माती दाबून धरायची. नाहीतर दोघंही वर येतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे कात्रीने नुसतं वरून छाटणं. बुंध्याशी डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, शाबूत राहतात, एका काडीच्या चार होतात आणि खाली मूळ जाड होत जातं. मूळ तुटलंच तर खोड-मुळाच्या सांध्याखाली तीन-चार इंचांवर कापायचं. तेवढंही जमलं नाही तर दर दहा-बारा दिवसांनी फुटवे खुडत राहायचं, मूळ दमेपर्यंत. तणनाशकाच्या वाटेला न गेलेलंच बरं. त्यातही टू-फोर-डी तर नकोच: शेजारी द्राक्षबाग असेल तर वाऱ्यावर गेलेल्या फवाऱ्यानेसुद्धा पानं वेडीवाकडी होतात.

उपटलेली रोपं ओल्या मातीवर टाकली की पुन्हा मूळ धरतात. फरशीवर टाकायची, मुळं उन्हाकडे. सुबाभळीच्या पिकल्या शेंगा मात्र कंपोस्टच्या खड्ड्यात नाहीत. घरगुती खड्डा तेवढा तापत नाही, बी तसंच राहतं.

पिंपळाची गोष्ट वेगळी. तो वाफ्यात कमी, गच्चीच्या कठड्यात आणि पाइपाच्या सांध्यात जास्त. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी फटीत पडतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींत तर त्याला घरच मिळतं. देवाचं झाड म्हणून हात कचरतो, आणि दोन वर्षांत गिलावा सुटतो. फटीत मीठ किंवा ॲसिड ओतू नये. मिठाने स्लॅबमधलं लोखंड गंजतं. छिन्नीने गिलावा दोन्ही बाजूंनी तीन-चार इंच फोडायचा, मुळामागे जाऊन ते अख्खं काढायचं. मूळ शाबूत आलं तर कुंडीत लावायचं, पुढे घरापासून लांब मोकळ्या जागेत. फट ब्रशने झाडून, ओली करून, एकास चार सिमेंट-वाळूने भरायची. पंधरा दिवसांनी पुन्हा चक्कर. लालसर कोंब दिसला तर मूळ आत राहिलंय, परत छिन्नी.