आई, वय वर्षं चार

"आज काय आहे?" विचारलं, तर आजी म्हणाल्या, "ख्रिसमस." तारीख होती 8 जानेवारी. मी कागदावर फुली मारली.

अलास्कातल्या बेथेलमध्ये नर्स म्हणून माझा तो दुसराच आठवडा. कुस्कोक्विम नदीकाठचं गाव, बाहेरून यायला रस्ताच नाही. विमानाने या, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाडी हाका. आजींना त्यांच्या मुलाने खेड्यातून तसंच, बर्फावरून आणलं होतं. पायरीवरून घसरून डोकं आपटलेलं. भान जागेवर आहे ना, हे बघायचे नेहमीचे प्रश्न मी विचारत होते. जरा जरी गोंधळ दिसला तर विमानाने अँकरेजला हलवायचं, म्हणजे सुमारे 640 किलोमीटर, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"डोकं दुखतंय का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, मोठ्याने बोललं की परकी भाषा कळते अशी आपली समजूत असते ना! शेवटी लिहिलं : प्रतिसाद नाही. शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर त्या बोटं चाळवत पुटपुटत बसल्या. दुसरी फुली.

तेवढ्यात त्यांच्याबरोबर आलेला चारेक वर्षांचा पोरगा पलंगावर चढला. आजींनी पिशवीतून वाळवलेला सामन मासा काढला, बोटांनी काटे चाचपले आणि पोटाकडचा तेलकट तुकडा त्याच्या हातात दिला.

"हा कोण तुमचा?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "माय मॉम."

मी डॉक्टरांना फोन लावायला उठलेच. दारातच दुभाषी बाई भेटल्या, स्वतः आजींसारख्याच युपिक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांनी माझा कागद वाचला आणि चक्क हसत सुटल्या.

डोकेदुखीचं उत्तर आजींनी तिन्ही वेळा दिलं होतं, भुवया उंचावून. इथे 'हो' तसंच म्हणतात. 'नाही' असेल तर नाक मुरडतात. आपलं मान डोलावणं म्हणजे 'हो' की 'नाही', हे मी अमेरिकेत किती जणांना समजावलंय! तरीही माझ्या डोक्यात आलं नाही.

ख्रिसमसही बरोबरच होता. आजी रशियन ऑर्थोडॉक्स. रशियाने 1867 मध्ये अलास्का विकून टाकलं, पण चर्च राहिलं आणि जुनी कालगणनाही राहिली. त्यांचा नाताळ 7 जानेवारीला सुरू होतो. मोठा चकाकता तारा घेऊन, गाणी म्हणत घरोघर फिरतात. त्याला स्लावीक म्हणतात. त्या रात्री तारा आजींच्या घरी यायचा होता. म्हणून तर त्यांची सारखी दाराकडे नजर.

आणि युपिकमध्ये मोजणी विसांची. वीस म्हणजे 'युइनाक', त्यात 'युक' म्हणजे माणूस : हातापायांची सगळी बोटं मिळून एक अख्खा माणूस. शंभर म्हणजे पाच विसा. माझी आजी अशीच विसांत मोजायची, आणि तिला मी कधी फुली मारली नव्हती.

"आणि हा मुलगा?"

बाईंचं हसू थांबलं. आजींची आई गेली, त्यानंतर काही महिन्यांत हा जन्मला. तिचं नाव याला ठेवलं. युपिक नावात बाई-पुरुष असा भेद नसतो. नावाबरोबर माणूसही परत येतं, म्हणून आजी याला 'आना', म्हणजे आई, म्हणतात. आईला आवडायचा तो घास आधी याला. बेथेल हे बायबलातलं नाव 1885 मध्ये मोरावियन मिशनऱ्यांनी आणलं. ऑर्थोडॉक्स त्याआधीचे, कॅथलिकही आले. गळ्यात क्रॉस आला, पण ही रीत हलली नाही.

मी नवा कागद घेतला. दुभाषी बाईंना मध्ये बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं. फुली एकही नाही. डॉक्टरांनी तपासून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी सोडलं.

निघताना पोरगा आजींचं बोट धरून उभा होता, कानटोपी नाकापर्यंत ओढलेली. मी वाकून म्हटलं, "लेकीला सांभाळून ने हं. पायरीवर बर्फ आहे."

त्याने टोपी वर सरकवली आणि दोन्ही भुवया उंचावल्या.