ज्येष्ठमधाची काडी आणि फोनवरचा मेडिकलवाला

इंग्लंडात दवाखान्याला ‘सर्जरी’ म्हणतात. साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा मी सहज ‘सर्जरीत जाऊन आलो’ म्हणालो, तर ती देव पाण्यात घालून बसली. प्रत्यक्षात ती ४० ते ७४ वयाच्या लोकांची दर पाच वर्षांनी होणारी सरकारी तपासणी होती. माझं वय ५२.

नर्सने दंडाला पट्टा बांधला. बीपी १५८/९६. मग आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे लिहून आणायला सांगितलं. त्यातला पहिला दिवस सोडून देतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. घरच्या मोजणीत ती १३५/८५च्या वर गेली की दुखणं खरं धरतात. माझी १४८/९२. वडिलांना ५८व्या वर्षी अटॅक आलेला, त्यात आपण भारतीय वंशाचे. संगणकाने सगळं जमेस धरून पुढच्या १० वर्षांत अटॅक किंवा पक्षाघाताची शक्यता १३ टक्के काढली. इथे १० टक्क्यांपासून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, देऊ करतात. बीपीसाठी रामिप्रिल आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन २० घेऊन मी घरी आलो.

श्रॉपशरमधलं आमचं गाव लहान, सर्जरी त्याहून लहान. डॉक्टर तीन, तेही रोज नसतात. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा आणि ‘तुमचा नंबर सतरावा’ हे ऐकत चहा गार करायचा. म्हणून महिनाभरात कोरडी ढास लागली तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. थंडीचे दिवस, घशाचंच असणार. ताईने पाठवलेल्या ज्येष्ठमधाच्या काड्या होत्याच. गाडी चालवताना, कामावर, टीव्हीसमोर, गालात काडी ठरलेली. बीपी काही उतरेना, म्हणून रामिप्रिल अडीचची पाच झाली, पाचाची दहा. ढास वाढली. काड्याही वाढल्या.

अशात मोबाईलवर संदेश आला: मंगळवारी फार्मासिस्ट फोन करेल. मी वैतागलो. डॉक्टर मिळत नाही म्हणून आता मेडिकलवाला? माझ्या डोक्यात फार्मासिस्ट म्हणजे पट्टीवरच्या चार गोळ्या कात्रीने कापून देणारा, एवढीच ओळख. इथे २०१९पासून शेजारपाजारच्या सर्जऱ्यांचे गट केलेत, साधारण तीस ते पन्नास हजार लोकांमागे एक. एकट्या सर्जरीला न परवडणारा फार्मासिस्ट गट मिळून ठेवतो. आमचा बसतो वीस मैलांवर. मी त्याला अजून पाहिलेलं नाही.

फोन पस्तीस मिनिटं चालला. बर्मिंगहॅमच्या वळणाचं इंग्रजी, घाई अजिबात नाही.

‘स्टॅटिन दोन महिन्यांची दिली होती, पाच महिने झाले. तुम्ही पुन्हा मागवली नाहीत.’

पकडलो गेलो. अंग दुखतं असं कुठेतरी ऐकून मी आठवडाभरातच ती बंद केली होती. ‘दुखत होतं का?’ त्याने विचारलं. खरं सांगायचं तर नव्हतं. तो रागावला नाही. एक दिवसाआड सुरू करा, दुखलं तर मला कळवा, म्हणाला.

मग तो क्षणभर थांबला. ‘तुमच्या रक्तात पोटॅशियम ३.३ आहे. रामिप्रिलवर ते थोडं वरच जायला हवं, तुमचं उतरलंय. आम्ही न दिलेलं काय काय घेता?’

‘काही नाही.’

‘चहातून? खोकल्यासाठी?’

काडी तेव्हाही गालातच होती. ती काढून मी नाव सांगितलं. त्याला ज्येष्ठमध कळेना, मला इंग्रजी शब्द आठवेना. शेवटी ‘गोड लागणारं एक मूळ’ म्हटल्यावर तो जवळजवळ ओरडलाच: ‘लिकरिश!’

त्याने उलगडून सांगितलं ते असं. कोरडी ढास हा रामिप्रिलचाच दुष्परिणाम, बऱ्याच जणांना होतो. ज्येष्ठमध मीठ-पाणी शरीरात धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे घालवतं आणि बीपी चढवतं. म्हणजे गोळीने ढास, ढाशीवर काडी, काडीने बीपी, बीपीवर आणखी मोठी गोळी. पाच महिने मी स्वतःभोवतीच रिंगण घालत होतो. दर वेळी डोस वाढवणाऱ्यांनी खोकल्याबद्दल एकदाही विचारलं नाही याचा राग आला. मीही बोललो नव्हतो, हेही आहेच.

रामिप्रिल बंद, त्याऐवजी बीपीचीच दुसरी गोळी, लोसार्टान. चिठ्ठी लिहायचा अधिकार त्याला स्वतःलाच आहे. ती संगणकावरून आमच्या गावच्या केमिस्टकडे गेली आणि संध्याकाळी मी पिशवी घेऊन आलो. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त: पोटॅशियम ४.१. ढास जायला मात्र महिना लागला. दीड महिन्यानंतर घरची सरासरी १३१/८२ आली. स्टॅटिन आता रोज घेतो, अंग दुखत नाही.

सगळ्यांना हे जमेल असं वाटत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांना फोनवर नीट ऐकू येत नाही. त्यांनी दोनदा ‘राँग नंबर’ म्हणून त्याचा फोन ठेवून दिला.

पुढचा फोन गुरुवारी आहे. घरातल्या सगळ्या पुड्या-बाटल्या समोर घेऊन बसा, असं त्याने बजावलंय. अश्वगंधा, त्रिफळा आणि गुडघ्याला लावायचं तेल काढून ठेवलंय. आईने दिलेली एक करडी पूड आहे, तिच्यावर नाव नाही. ती कशाची, ते आज रात्री तिलाच विचारतो.