आरएस २३०, नोंद चौथी: पाव लिटर कूलंट जातंय कुठं

सापडलं. इनटेक मॅनिफोल्डच्या खालच्या अंधारात, गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर, करंगळीच्या नखाएवढी गुलाबी खपली, म्हणजे वाळलेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रावण). वरून टॉर्च मारला तर दिसत नाही, खालून रॅम्पवर घेतली तरी दिसत नाही. बॅटरीच्या बाजूनं एंडोस्कोप तिरका घातला तेव्हा दिसली.

एक जुनी गाडी घ्यायची की नाही हे ठरवायला खर्चाचा तक्ता मांडतोय, आणि मागच्या नोंदीत तो याच ओळीपाशी अडला होता. गाडी तीच: २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, ६४ हजार किलोमीटर, बेळगाव पासिंग. टायर, तेल, विमा, पेट्रोल, सगळ्या रकान्यांत आकडे बसले होते. फक्त ‘कूलिंग’ पुढं तीस हजारही लिहिता येत होते आणि दोन लाखही. ज्या तक्त्याची एक ओळ एवढी हलते तो तक्ता नव्हे, मटका.

लक्षण आठवत असेलच. दर हजार किलोमीटरला पाव लिटर कूलंट कमी, जमिनीवर थेंब नाही, तापमानाचा काटा नव्वदवर ठाम. याची कारणं स्वस्तापासून महागाकडं अशी: टाकीचं झाकण, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग, टर्बोच्या कूलंट नळ्या, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील). गाडी घ्यायची की सोडायची हे पहिल्या दोघांत आणि शेवटच्या दोघांत कोण निघतं यावर.

हेड गॅस्केट आधी बाजूला काढलं. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी लावून दहा मिनिटं इंजिन चालवलं. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असता तर निळं पिवळं झालं असतं. झालं नाही. चारही प्लग काढून पिस्टनचे माथे पाहिले, चारही सारखेच काळसर. कूलंट पिणारा सिलिंडर वाफेनं धुतल्यासारखा चकचकीत दिसतो. तसा एकही नाही.

मग प्रेशर टेस्ट, आणि डोकं फिरलं ते इथंच. गाडी फिरवून आणली, १.४ बार दाब भरला, अर्धा तास काटा हलला नाही. तीन वेळा तेच. चूक चाचणीच्या वेळेत होती. ईए८८८ जेन ३ चं, म्हणजे या गाडीतल्या इंजिनाचं, पंप हाउसिंग गरम असताना फुगतं आणि सांधा स्वतःच दाबून धरतं. थोडंफार झिरपलं तरी तापलेल्या ब्लॉकवर वाळून जातं, मागं उरते फक्त खपली. गळती उघडी पडते ती गार इंजिनावर, पहाटे.

म्हणून दाब भरायचा टेस्टर रात्रभर लावून ठेवला. त्याआधी एक काम करा, नाहीतर रात्र फुकट जाईल: टेस्टरची नळी बूच मारून बंद करा आणि त्याच दाबावर तासभर ठेवा. ऑनलाइन मिळणाऱ्या सार्वत्रिक किटची झाकणं आणि रबरी रिंगा बऱ्याचदा स्वतःच गळतात. या किटमधली निळी झाकणरिंग टाकून कोल्हापूरच्या उद्यमनगरातून नायट्राइल रबराची ओ-रिंग घातली, मग कुठं काटा थांबला.

रात्री २८ अंशांवर १.४ बार, पहाटे १६ अंशांवर ०.९. यातला थोडा फरक नुसत्या गारव्याचा. गेजवरच्या दाबात वातावरणाचा एक बार मिळवून, केल्व्हिनमध्ये त्रैराशिक मांडलं की १.४ चे १.३ व्हायला हवेत. म्हणजे ०.१ थंडीचा आणि बाकीचा ०.४ गळतीचा. हे गणित न करता ‘दाब उतरला, पंप गेला’ म्हणून चांगले पंप बदलल्याची उदाहरणं ढिगानं आहेत.

आता हा भाग नेमका काय ते. जेन ३ मध्ये पंप आणि तापमान राखणारे फिरते व्हॉल्व्ह एकाच प्लास्टिक मॉड्यूलमध्ये आहेत. पंप फिरतो बॅलन्स शाफ्टवरच्या (इंजिनाची थरथर मारणारा दांडा) छोट्या दातेरी पट्ट्यावर आणि व्हॉल्व्ह हलवते एक इलेक्ट्रिक मोटर. वय झालं की सांध्याची सील कडक होते. त्यात आधी कुणी बोल्ट जोरात आवळले असतील तर प्लास्टिक वाकतं. इथं दोन बोल्टांच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा आहेत, त्यामुळं पूर्वी हात लागलाय हे नक्की. नवं मॉड्यूल बसवताना बोल्ट ९ न्यूटन मीटर, ठरलेल्या क्रमानं, एकदम नाही. नऊ म्हणजे मनगटाचं काम, दंडाचं नाही. अर्धा इंची मोठा टॉर्क रेंच इथं बिनकामाचा, खालच्या टोकाला तो हवेत बोलतो. पाव इंची, ५ ते २५ न्यूटन मीटरचाच घ्या आणि त्यावर पैसे वाचवू नका. पट्ट्याच्या पुलीचा बोल्ट उलट आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेनं सोडायला गेलात तर आवळत जाईल आणि तुटेल. तो बोल्ट आणि पट्टा दोन्ही नवे घालायचे.

पार्ट घेताना नंबर पाहा. सुरुवात ०६एल १२१ १११, शेवटचं अक्षर जितकं पुढचं तितकी सुधारित आवृत्ती. दिल्लीच्या काश्मिरी गेटहून स्वस्तात येतो तो बहुतेक वेळा आधीच्या अक्षराचा पडून राहिलेला माल. फोटोत लेबल दिसल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

कूलंट भरताना व्हॅक्यूम फिलर (आधी आतली हवा ओढून घेणारं किट) हवाच, नाहीतर हवा अडकते आणि काटा नाचतो. किटच्या कागदावर उणे ०.९ बार लिहिलेलं असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यानं इथं उणे ०.८५ आलं तरी पुरे. त्यावर पंधरा मिनिटं काटा स्थिर राहिला पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटरवर सध्याचं कूलंट उणे ९ अंश दाखवतंय, म्हणजे त्यातलं मूळ रसायन, ग्लायकॉल, जेमतेम वीस टक्के. पाणी ओतून ओतून वेळ मारून नेलेली आहे. इथं बर्फ कुठला पडतोय हे खरं, पण गंजरोधक त्याच ग्लायकॉलबरोबर पातळ झालाय. सगळं उपसून डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुवायचं आणि निम्मं-निम्मं भरायचं. टाकीतली सिलिकाची पिशवीही पाहून घ्या. ती फाटली की दाणे हीटर कोअरमध्ये जाऊन बसतात. या गाडीत शाबूत आहे, पण टाकी स्वस्त आहे, बदलूनच टाकू.

मॉड्यूल, पट्टा, बोल्ट, टाकी, कूलंट, मजुरी मिळून ३५ हजार धरले. रकाना बंद.

बंद म्हणता म्हणता एक डोक्यात आलं. पंपापर्यंत जायला एअरबॉक्स आणि बॅटरी निघणार, आणि डीक्यू२५० चा, म्हणजे या गाडीच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, फिल्टर नेमका त्यांच्याच खाली. डीएसजीचं तेल ६० हजारांना बदलायचं असतं, आणि या गाडीच्या नोंदवहीत ते झाल्याचा शिक्का नाही. मागच्या नोंदीत हे काम पुढच्या वर्षात टाकलं होतं. रद्द, दोन्ही एकत्र, एकच मजुरी. तेल सहा लिटर आणायचं, आत साधारण सव्वापाच जातं. खालचा १४ मिमी ॲलनचा ड्रेन बोल्ट काढला की थोडंसंच तेल येतं, ‘संपलं’ असं वाटतं. आतली प्लास्टिकची ओव्हरफ्लो नळी ८ मिमी ॲलननं काढल्यावर खरं तेल उतरतं. ती परत बसवताना ३ न्यूटन मीटर, बोल्टला ४५. पातळी पाहायची तेल ३५ ते ४५ अंशांत, इंजिन चालू, व्हीसीडीएसवर (गाडीचा संगणक वाचणारं सॉफ्टवेअर) तापमान बघत. थेंब थेंब पडू लागलं की बोल्ट लावायचा. भरायचा ॲडॉप्टर विकत घेऊ नका. जुना ड्रेन बोल्ट नमुना म्हणून दिला की उद्यमनगरातला कुठलाही चांगला टर्नर लेथवर दुपारपर्यंत काढून देतो, तोही पितळेत. नाद खुळा काम असतं.

विमा. इंजिन १९८४ सीसी, त्यामुळं दीड हजार सीसीच्या वरचा थर्ड पार्टी दर: ७,८९७ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ९,३१८. हा ठरलेला आहे, घासाघीस नाही. ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, मात्र फसगत होते. विकणारा ‘पन्नास टक्के एनसीबी आहे’ म्हणतो, पण एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो त्याच्याबरोबर जातो. नाव बदलल्यावर चौदा दिवसांत पॉलिसीही नावावर करून घ्यायची. शिवाय पाच ते दहा वर्षांच्या गाडीला क्लेममध्ये धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा आणि प्लास्टिक-रबरावर निम्मा. आरएसचा पुढचा बंपर किती खाली आहे आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर किती उंच, हे एकत्र मांडा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, देणारी कंपनी मिळाली नाही तर बंपरसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी लागेल.

बेळगाव पासिंगचा काटा उरतोच. बारा महिन्यांत एमएच-०९ (कोल्हापूर) वर आणावी लागते: तिकडून फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला), इकडं रोड टॅक्स, मग तिकडच्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्राचा दर १३ टक्के आणि ही गाडी नवी असताना २४.६२ लाखांची होती. वयानुसार टॅक्स उतरतो, पण आकडा आरटीओतून लेखी काढल्याशिवाय सौदा बोलायचा नाही. परतावा ‘मिळाला तर मिळाला’ म्हणून शून्य धरला आहे.

पेट्रोल: गावात आठ, हायवेला बारा, सरासरी १०.५. वर्षाला दहा हजार किलोमीटरचे ९५२ लिटर, १०४ रुपयांनी ९९ हजार. ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळं ई१० पेक्षा तीन-चार टक्के जास्त जाणार, ते यात नाही. ऊस आपला, इथेनॉल आपलं, ॲव्हरेजची तक्रार करायची तरी कुणाकडं! टायर २२५/४५ आर१७, चाराचे ४४ हजार, चाळीस हजार किलोमीटर टिकले तर किलोमीटरला एक रुपया दहा पैसे. गगनबावड्याच्या घाटाकडं दर रविवारी जाणाऱ्यांनी पंचवीस हजारच धरावेत.

तर सांगितलेल्या किमतीतून पंपाचे ३५ आणि डीएसजीचे २५, असे साठ हजार वजा करून मालकांना आकडा कळवला आहे, सोबत पहाटेच्या गेजचा फोटो. त्यांचं म्हणणं, गरम गाडीवर टेस्ट करून दाखवा. करू, पण त्यांनी रात्री गाडी इथंच ठेवली तर दुसऱ्या दिवशी सहा वाजता गेज बघायलाही यावं लागेल.