महापुरातनं आलेला मिक्सर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं वायंडिंगचं, म्हणजे मोटारीची तार गुंडाळून द्यायचं छोटं दुकान आहे, मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी, जे येईल ते करतो. 2019 च्या ऑगस्टमधला एक दिवस मात्र डोक्यातनं जात नाही.

पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. हायवे शिरोलीजवळ बंद, सगळीकडं पाणीच पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही कारण उपसा केंद्रंच पाण्यात. पाणी ओसरल्यावर सकाळी शटर वर केलं तर बाहेर लाईन लागलेली. शुक्रवार पेठ, कुंभार गल्ली, चिखली, आंबेवाडी, कुठनं कुठनं लोक आलेले, कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या गाडीवर पायाजवळ मोटार, आणि सगळ्याला तोच गाळ, तोच वास.

मला धक्काच बसला, कारण त्याआधी दोन-तीन वर्षं धंदा पार बसलेला. "दुरुस्तीला सातशे? त्यात थोडे घालून नवीनच घेतो की" हे रोज ऐकायचो, दुकान बंद करायचं घरात बोलूनही झालेलं. आणि आता घर वाहून गेल्यागत झालेली माणसं काय धरून आली होती, तर जुना मिक्सर.

लाईनीत एक काकू होत्या. "मिस्त्री, लग्नातला हाय, सव्वीस वर्सं झाली. चालू करून नाही बघितलो हां." ते ऐकून फार बरं वाटलं, कारण ओली मोटार प्लगला लावली की वायंडिंग जळलंच समजायचं, निम्म्या लोकांनी तेच केलेलं. तळाचे चार स्क्रू काढले, आतनं ओंजळभर गाळ निघाला. चांगल्या पाण्यानं धुवायला पाहिजे आणि पाणीच नाही, मग शेजारच्या विहिरीवरनं घागरी आणल्या. ऊन पण नव्हतं म्हणून पत्र्याच्या पेटीत 100 वॅटचे बल्ब लावून आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) आणि फील्ड कॉइल (बाहेरचं न फिरणारं वायंडिंग) वाळत घातले. मेगर, म्हणजे वायंडिंगमधनं करंट गळतोय का ते तपासायचं मीटर, लावला की काटा शून्यावरच पडून राहायचा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हळूहळू वर सरकला आणि नवीन कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) टाकून बटण दाबलं तर मिक्सर सुरू. काकू काही बोलल्याच नाहीत, नुसत्या भांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यांच्या शेजारणीचा मिक्सर दोनच वर्षांचा, पण तो काही हाताला लागेना. तळ रिव्हेट मारून बंद, आत ॲल्युमिनियमचं वायंडिंग, आणि त्या मॉडेलचा पार्ट अख्ख्या कोल्हापुरात नाही. काकूंनी विचारलं, "मग नवीन घेताना काय बघायचं?" म्हटलं, तळाला स्क्रू आहेत का, वायंडिंग तांब्याचं आहे का आणि पार्ट कुठं मिळतील, एवढं विचारा. त्यांनी ते बिलाच्या मागं लिहून घेतलं, लाईनीतल्या बायकांनी पण लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी नवे मिक्सर विकणारा एक दुकानदार आला, जरा तावातच. "तुम्ही गिऱ्हाइकांना काय शिकवलंय हो? जो येतो तो स्क्रू दाखवा म्हणतोय!" मी त्याला बसवलं, चहा पाजला, शेजारणीचा तो मिक्सर दाखवला. महिन्याभरात त्याच्या काउंटरवर कपलर (मोटार आणि भांडं जोडणारा तुकडा), कार्बन, बुश असले सुटे पार्ट ठेवायला सुरुवात झाली आणि दुरुस्तीचं काम तो माझ्याकडं पाठवायला लागला. मी इतकी वर्षं बोंबलून जे झालं नव्हतं ते गिऱ्हाइकांच्या तीन प्रश्नांनी झालं, कारण त्याला माल खपवायचा होता. पुढं 2022 च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, चांगलंच झालं, पण माझ्या दुकानात हे काउंटरवरनं सुरू झालेलं.

शेजारणीचा मिक्सर शेवटी सुटा केला, तोडफोड करूनच म्हणा. तार एका पोत्यात, बॉडी दुसऱ्यात. माझ्याकडचं जळकं तांबं वितळून परत तांबंच होतं, आणि ॲल्युमिनियम परत वितळवायला नव्यानं काढण्याच्या साधारण 5 टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळं भंगारवाला तांबं आणि ॲल्युमिनियम वेगवेगळं वजन करून नेतो. तरी मला ते तांबं पोत्यात बघण्यापेक्षा मिक्सरमध्ये फिरताना बघायला आवडतं, वितळवायचीच पाळी का यावी.

2021 च्या जुलैत परत पूर आला, काकूंच्या घरात परत पाणी. पंधरवड्यानं आल्या, मिक्सर कोरडाच होता. "पाणी चढतंय म्हटल्यावर पहिला ह्यो माळ्यावर टाकलो," म्हणाल्या. फक्त कपलर झिजलेला. तो बदलून दिला.