मावशी, श्वास रोखू नका

रविवारी सीताबर्डीला पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या, वर्कशॉपला जाऊन आले आणि अजून डोक्यातून जातच नाहीये. क्रेडिट पॉइंट मिळतात ते ठीकच, पण मी गेले होते एका मावशींसाठी, चार महिने माझ्याकडे उपचाराला येतात, खोकलं की लघवी निसटते, आणि मी आपली दरवेळी "कीगल करा", म्हणजे हे स्नायू आवळून वर ओढायचा व्यायाम करा, सांगून मोकळी.

डॉ. कीगल यांनी हा व्यायाम १९४८ मध्ये मांडला, आम्ही कॉलेजात पाठही केला, पण हाताने तपासून स्नायूच्या ताकदीला ० ते ५ ग्रेड द्यायची, ते नीट शिकले मी आत्ता. नुसतं तोंडी सांगितलं तर कितीतरी बायका वर ओढण्याऐवजी खाली जोर लावतात, संडासला बसल्यासारखा, आणि अंग बाहेर येत असेल तर तो जोर उलट त्रासाचाच. तपासल्याशिवाय हे कळत नाही हो! आणि तपासायच्या आधी विचारायचं, समजावायचं, नको म्हणाली तर थांबायचं, यावर मॅडमनी तासभर घेतला, मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला.

डोस पण ठरलेला असतो, निदान ८ वेळा आकुंचन, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. आठवडाभर करून "फरक नाही" म्हणायचं नाही.

सोमवारी मावशी आल्या. विचारून तपासलं, तर खरंच खाली ढकलत होत्या, श्वास रोखून. म्हटलं, मावशी, श्वास सोडत सोडत वर ओढा. तिसऱ्या वेळी जमलं. "अगं बाई, हे असं होय!" म्हणाल्या.